उसना शर्ट

दुसऱ्या अंकात मी मरतो,
मागाच्या पट्ट्यात हात जाऊन.
अंगात राजेशम गुंडेटीचा शर्ट,
खांद्यावर खरी रुई, काखेत खरा घाम.
दिग्दर्शक म्हणाला होता,
हा वास मेकअपमधून येत नाही.

मरता मरता मी मालकाला विचारतो,
"माझा हिशेब कुणी द्यायचा?"
पहिल्या रांगेत आमचे शेठ,
स्मरणिकेत त्यांच्या टॉवेलांची पानभर जाहिरात.
त्यांनी चष्मा काढून पुसला.
मागे कुणीतरी शिट्टी मारली,
मग टाळ्या, बराच वेळ.
मी मेलेलाच पडून मोजत होतो.

सकाळी अक्कलकोट रोडला
मी पुन्हा हिशेबनीस.
राजेशम पावणेनऊला आला,
भावाचा ढगळ सदरा घालून, बाह्या दुमडत.
"उशीर," मी म्हणालो.
"शर्ट तुमच्यापाशी हुता, सायेब."
मग जाता जाता वळून,
"मेला मात्र झकास."

माग सुरूच होते, खडाखट खडाखट,
काही बोललो असतो तरी
ऐकू गेलं नसतं.
हजेरीवहीत मी अर्धा खाडा मांडला.

शर्ट पायाशी पिशवीत होता,
घडी करून आणलेला.
दिला नाही.
शनिवारी पुन्हा प्रयोग आहे.