बदली

विणकरांची पतसंस्था, रात्रीचे साडेअकरा.
बाहेर सोलापूरच्या भिंती अजून तापलेल्या,
सर्व्हर रूममध्ये मी मफलर बांधून.

प्रॉक्सीला स्टोरेजची वाट दाखवली.
नुसतं वाचायचं, लिहायचं नाही.
तरी पहिल्याच फेरीत विचारतो,
"डिस्क कोरी दिसते, इनिशियलाइझ करू?"
अरे बाबा, नऊ हजार खाती आहेत तिच्यात!
नको म्हटलं.
मग ती सोयच बंद केली.

आमचे नरसय्या आजोबा गिरणीत बदली कामगार.
भोंगा झाला की गेटवर उभे,
कुणाचा खाडा पडला तरच आत.
म्हणायचे, "माग ज्याचा त्याचा.
आपण धागा तेवढा तुटू द्यायचा नाही."

एक वाजून दहा. स्नॅपशॉट निघाला.
मुख्य सर्व्हर कूसही बदलत नाही.
यादीत नव्या मशीनचं नाव विचारलंय.
कर्सर लुकलुकतोय.