भुरी

कार्तिकातली पहाट. वाटाण्याएवढं बोर
अंगठ्यानं पुसलं, तर अंगठा पांढरा.
हिलालआबा म्हणायचे, पान उलटं कर, मग बोल.
पान उलटं केलं.
बोलले नाही.

अमळनेरचा व्यापारी डाग बघतो, गोडी नाही.

पंपात गंधक. आधी मगात कालवायचं,
ऊन चढायच्या आत संपवायचं,
नाहीतर औषधच पान जाळतं.
मग कळण्याच्या भाकरीलाही तोच वास.
धाकटा म्हणतो, माय, तुला काडेपेटीचा वास येतो.

बांधावर गावठी बोर, पांढरीफट्ट,
मथुराबाईची.
दीड हात बांधापायी
अकरा वर्षं आमचं बोलणं नाही.
भुरी येते तिथूनच, वाऱ्यावर;
तिला कुठली आलीय मोजणी.

आज अर्धा पंप उरला.
नळी बांधापलीकडे धरली,
खालून वर, आतल्या पानांपर्यंत,
आमच्या झाडांना धरते तशी.

मथुराबाईनं न्याहारीवर फडकं ओढलं,
जरा सरकून बसली.
"खालल्या फांदीले बी मार," म्हणाली.

झाडाकडे बघत म्हणाली.
मी खालची फांदी
दोनदा भिजवली.