घोडी एक, कमी

रुबिकॉन उतरून आलेला सेनापती
फौजेपुढे उभा राहिला, छातीवरचा झगा फाडला
आणि रडला, असं मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला सांगते
तेव्हा किल्ल्यावरचं धुकं अजून उठलेलं नसतं
आणि हेमांगी खोचे शालीतून हात काढून विचारते,
"सच्ची रडला का हो, मॅडम?"

तात्या लष्करात एका सरदाराकडे कारकून होते.
रिसाला लढाईवर निघाला त्या वर्षी
स्टेशनवरच्या भाषणाचा मसुदा त्यांनी आदल्या रात्री केला,
निळी शाई, सुबक अक्षर.
'तुम्ही आमची लेकरे' इथं कंस:
(थांबावे. रुमाल.)
आणि छापायला द्यायचा वृत्तांतही
त्याच दिव्याखाली उरकून टाकला:
'श्रीमंतांस गहिवर अनावर झाला.'
आई म्हणाली, उद्याचा गहिवर आज?
तात्या म्हणाले, छापखाना सहाला बंद होतो.

फलाटावर सगळं कंसाबरहुकूम झालं.
स्वारांच्या बायका पदरात तोंड घालून रडल्या;
त्यांचा मसुदा कुणी केला नव्हता.
संध्याकाळी बिट्टो धोबीण आली, तात्यांनी कपडे मोजून दिले:
अचकन एक, सुरवार एक,
रुमाल रेशमी एक. मग तो परत काढून घेतला.
घडी मोडलेली नाही, धुवायचा कशाला.

पौषात हरणी पोटशूळाने गेली.
साहेब रात्रभर तबेल्यात, गवतावर, बोडक्या डोक्याचे,
तिची मान मांडीवर, नाक पुसायला बाही.
आवाज असा, की बाकीची जनावरं खूर आपटू लागली.
तात्या कंदील धरून उभे.
उजाडता उजाडता त्यांनी विचारलं,
"रोजनाम्यात काय लिहू, सरकार?"
बऱ्याच वेळानं उत्तर आलं,
"जमाखर्च लिहा, पंत."
तात्यांनी लिहिलं: घोडी एक, कमी.

कार्थेज जळताना रडलेला एक,
वैऱ्याचं मुंडकं समोर आल्यावर तोंड फिरवून रडलेला एक,
रोममध्ये रडणाऱ्यांची वानवा नाही.
पुस्तक उघडलं की मला मात्र शेजारचा हात दिसतो,
शाईवर फुंकर घालणारा.
आणि त्या झग्याचा धोबी
अजून कुणी शोधून काढलेला नाही.

हेमांगी उभीच आहे.
मी म्हणते, "लिहिलंय खरं तसं."
ती खाली बसते,
आणि तसं लिहून घेते.