माणूस १

हरिपुरात आता पेव दाखवायचं म्हणजे
गवत दाखवायचं.
इथं एक होतं, तिथं त्या बाभळीखाली एक.
पाच सालच्या पुरात कृष्णामाई आत उतरली
आणि हळदीचा चिखल करून निघून गेली.
भाषेत अजून कशाकशाचं पेव फुटतं,
क्लासेसचं, बारचं, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचं.
जमिनीतलं नुसतं बुजतं.

यास्मिन पखाली मिरजेहून स्कूटीवर आली,
पाठीला कॅमेरा, डिकीत टाकणखाराची पुडी.
म्हणाली, तुम्ही दिवाणजी होता ना अडतीवर?
होतो. दुकान बंद होईपर्यंत.
वह्या आहेत?
आहेत. वाळवीनं वाचल्यात, अजून कुणी नाही.

तिच्याकडे एक फोटो, शेठजींच्या नातवाकडून मागून आणलेला:
मुहूर्ताचं पेव उघडताना. मधोमध लोड, टोप्या, पानाचा डबा,
आणि डाव्या कडेला, चौकटीनं कापलेला
अर्धा माणूस.
एक खांदा, एक कोपर, कमरेला दोर,
हातात कंदील.
तिनं टोप्या सोडून दिल्या.
कोपर मोठं केलं. दारच्या फळीएवढं.

मग आमच्याच अंगणात हळद कालवली, राजापुरी,
स्पिरिटमध्ये. कागदावर फासली.
वर त्या अर्ध्या माणसाची फिल्म, तिच्यावर काच,
आणि दिवसभर उन्हात राखण, कावळे हाकलत.
संध्याकाळी टाकणखाराचं पाणी शिंपडलं
तर पिवळ्यातून विटकरी खांदा वर आला.
बायको म्हणाली, अगं, कुंकू असंच करायचे की.
यास्मिन हसली. हो काकू,
पण हे जपता येत नाही.
हळदीवरचं चित्र उजेडानं होतं
आणि उजेडानंच जातं. जेवढं बघाल तेवढं.

म्हणून तिला पेव हवं होतं.

एकच साबूत निघालं. पंचवीस फूट.
तोंड अरुंद, पोट हे एवढं.
दोन दिवस उघडं टाकलं, मग कंदील सोडला.
तो रिवाज तिला मीच सांगितला:
कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही.
सांगताना जीभ जड झाली.
तिनं ऐकलं. विचारलं काही नाही.

वहीत आहे. माझ्याच अक्षरात, वळणदार.
पेव नं. ४१. पोती २८०. दोर, रॉकेल.
माणूस १. मजुरी सव्वा रुपया.
दुसऱ्या दिवशी:
माणूस १. खाडा.

त्या दिवशी कंदील विझला होता.
ट्रक उभा होता, शेठजी घड्याळ बघत होते.
वाऱ्यानं विझला असेल, म्हणालो मी.
पंचवीस फूट खोल
वारा.

उद्घाटन वगैरे काही नाही. एका वेळी एकानं उतरायचं,
शिडीनं, कंदील घेऊन. शंभर मोजायचे, वर यायचं.
यार्डातले हमाल आले, त्यांच्या पोरी आल्या कॉलेजातल्या.
शेठजींचा नातू मोबाइलचा टॉर्च लावून उतरला,
तिनं वरून ओरडून बंद करवला.
एकेकाच्या उजेडानं खांदा फिका होत गेला.
दिवाळीपर्यंत टिकेल, म्हणाली.
मी म्हटलं, माझंही धरा तेवढंच.

चित्राखाली पाटी होती. कोरी.
दिवाणजी, नाव?
तीनदा विचारलं तिनं. तीनदा मी वही दाखवली.
वही १ म्हणते, मी काय सांगणार.

शेवटच्या संध्याकाळी गेलो, सगळे गेल्यावर.
उतरलो नाही. मी कधीच उतरलो नाही,
साठ वर्षं काठावरच बसलोय लेखणी घेऊन.
तोंडाशी वाकलो. आतून हळदीचा वास आला,
पूर येऊन गेला तरी तोच.
म्हटलं, हैबती.
हैबती वायदंडे.

खालून तिचा आवाज आला,
पाटी पुसत असावी.
काय म्हणालात?
नीट ऐकू आलं नाही,
परत सांगा, मोठ्यानं.