मोजणी

उद्यमनगरात, लेथच्या डोक्यावरच्या खोलीत
मी एक ओळ लिहून बसले आहे.
खाली कीस पडतोय, बिडाचा वास जिन्यानं वर येतोय.
ओळ एवढंच सांगते: ज्यानं हद्दीबाहेर लिहिलं
तो प्रोग्राम तिथंच थांबवा.

चाचणीत सगळे सुटले.
अडकला तो नांदणीच्या दूध संस्थेचा,
फॅट मोजायच्या मशीनशी बोलणारा.
लिहिणारा आता दुबईत टाइल्स विकतो म्हणे.
अकरा वर्षं हा शेजारच्याचा बांध कोरतोय,
दर नोंदीला एक अक्षर,
फक्त एक.
शेजारी पडीक होतं, म्हणून बोंब झाली नाही.

शिरगुप्पे सर म्हणाले, चूक ती चूकच. लाव.
उद्या त्या पडीकात कुणी बाहेरचा झोपडं टाकेल
आणि सातबाऱ्यावर नाव चढवून मोकळा होईल.
खरंय.
पण या आवृत्तीच्या कपाळावर आपणच ‘स्थिर’ लिहिलंय,
आणि स्थिर म्हणजे नांदणीत
पहाटे साडेपाचला कालच्यासारखं.

मागच्या खेपेला मी पासवर्डचा नियम कडक केला,
तर सचिव सातगोंडा मगदुमांचा फोन,
मागं किटल्यांचा खणखणाट, कुणीतरी रांगेवरून भांडत होतं:
“मॅडम, कडी तुमी बदलली,
किल्ली आमच्याकडं जुनीच.
आता दूध कुटं वतू?”
त्या सकाळी फॅट वहीत लिहिली, अंदाजानं.
चंपाबाई कोरवींना लिटरमागं दर दोन रुपयांनी कमी लागला.
हे कुठल्या चाचणीत दिसणार?

चहा आला. गार झाला.
मी ‘थांबवा’ खोडलं, ‘नोंद करा’ लिहिलं.
पुढच्या आवृत्तीत थांबवू, सर,
तोवर मी नांदणीला जाऊन नवा प्रोग्राम बसवून येते.
सर काही बोलले नाहीत,
कपातली साय बोटानं बाजूला करत राहिले.

आज नोंदी उघडल्या.
पाच एकतीस, बांध ओलांडला, एक अक्षर.
पाच बत्तीस, ओलांडला, एक.
पाच तेहतीस.
म्हशी वेळेवर, मशीन तेच, पाप तेवढंच.
मी वर सरकत गेले.

दोन वाजून दहा मिनिटं.
ओलांडला. अक्षरं चाळीस.

रात्री दोनला नांदणीत
कोण दूध घालतं?