दह्याची बाजू

अण्णांच्या पोटात जखम झालीय, हे
लातूरच्या डॉक्टरनं फोटोवर पेन टेकवून दाखवलं,
आणि खानावळीतली मिरची त्या दिवशी मुकी झाली.
तीस वर्षं त्यांचा काळा रस्सा खाऊन
माणसं नाक पुसत उठायची,
शिव्या देत पुन्हा यायची.

आता उदगिरात, पशुवैद्यकीय कॉलेजच्या कुंपणालगत
माझा गाडा आहे. बर्गरचा.
पाटी मात्र जुनीच: वैजंता खानावळ.
पाटी बदलायला पैसे नव्हते, असं मी सांगते.
वैजंता माझी माय. तेवढंच.

चिकन मी मिक्सरला लावत नाही.
मांडीचंच घेते, सुरीनं बारीक करते,
कांदा मिठात चुरून, पाणी पिळून,
हिरवी मिरची, कोथिंबिरीचे देठ,
आणि पावाच्या चुऱ्याच्या जागी येसर:
भाजलेली ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, त्यात घरचा मसाला.
भांडून निघालेल्या बाईचा पदर शेजारणीनं धरावा
तसा तो खिमा धरून ठेवतो.

तव्यावर करडईचं तेल.
वाटीच्या बुडानं टिक्की दाबली की जे चर्र होतं
ते ऐकून अण्णा स्टुलावरनं म्हणतात,
"मीठ कमी हाय, सत्ते."
आवाजावरनं मीठ कळतं म्हणे.
आणि कळतंच.

त्यांच्याकडं दही दिलंय.
देवणी गाईचं, धोतराच्या फडक्यात
रात्रभर नळाला टांगलेलं
(नळाला तसंही पाणी आठ दिवसांनी येतं).
पहिला महिनाभर ते चमचा असा धरायचे
जसं पैलवानाला बालवाडीत बसवलंय.
मग एक दिवस न सांगता काकडी किसून पिळली.
नंतर भाजलं जिरं. नंतर पुदिना,
लसणाची एकच पाकळी, साखर चिमूटभर,
आणि पातेलं बर्फाच्या पातेल्यात.
मी हात लावला तर आता ओरडतात.

एप्रिल. बेचाळीस.
पोरं प्रॅक्टिकलवरून येतात,
काखेत कोंबड्यांच्या रोगांची वही,
हातात कोंबडी.
पहिल्या घासाला कपाळ फुटतं,
दुसऱ्याला एखादी अस्सल शिवी,
मग दही लागतं
आणि खांदे खाली येतात.
अण्णा तेवढंच बघत बसतात. खांदे.
"उतरलं," म्हणतात,
लेकराचा ताप उतरल्यासारखं.

परवा गंगाखेडचं एक पोरगं म्हणालं,
"आजोबा, हे पांढरं आणखी वाढा की, लई भारी हाय."
रश्श्याला कुणी भारी म्हटलं
तर अण्णांनी कधी मान वर केली नव्हती.
त्या दिवशी उठले, हात धुवून आले.
हात स्वच्छच होते.

रात्री दहाला गॅस बंद.
एक पाव उरतो, रोज.
तो उरेल असाच मी हिशेब ठेवते.
त्याला दोन्हीकडून दही, आत काकडी, बाकी काही नाही,
डॉक्टरनं सांगितल्यासारखं.
फक्त त्याआधी, त्यांच्याकडं पाठ करून,
पाव एकदा तव्यावर फिरवते
जिथं दिवसभराचा मसाला काळा होऊन चिकटलेला असतो, तिथं.

अण्णा सावकाश खातात.
कानाच्या पाळ्या लाल होत जातात.
"पाव आज जरा शिळा वाटायलाय, सत्ते,"
असं म्हणतात
आणि दह्याचं पातेलं
स्वतःकडं ओढून घेतात.