आधी गप्प पडलेला

मरोळच्या एमआयडीसीत, पंख्यांच्या कारखान्यावरच्या मजल्यावर
आम्ही एक वसाहत चालवतो.
मिठागराच्या बेटावरची. तिथं माणूस एकही नाही:
चाळीस खवीस, दोनचार मुंजे, विहिरीतला एक गिऱ्हा,
आणि वैद्यकीला हडळ.
हडळच का, असं देवांगनं विचारलं तेव्हा म्हटलं,
तिला रात्रपाळीची सवय असते.

ते हसण्यावारी गेलं. पण तिचे पाय उलटे
आणि वाट शोधणारा कोड सुलटा;
पहिले दोन आठवडे ती रुग्णाकडं पाठ करून
भिंतीत चालत राहिली,
हातात पट्टीचा गुंडाळा.

मग नियम लिहायला बसले.
जखमेला खोली, रक्त, पू, दिवस.
मुंजा पिंपळ सोडत नाही, म्हणून त्याची खाट पिंपळाखाली.
गिऱ्ह्याला ताप चढत नाही, त्याचं पाणी आटतं,
त्याला घागरी मोजून.
आणि रांग. कुणाला आधी?
मी सूत्र घातलं: जो जास्त खणतो, त्याला आधी.

वसाहत झकास चालली. मिठाचे ढीग वाढले.
सात नंबरच्या खाटेवरचा म्हातारा खवीस
अकरा दिवस रांगेत शेवटचा राहिला
आणि एका सकाळी यादीत नव्हता.
खेळानं आवाजही केला नाही.
आवाज मीच ठेवला नव्हता.

त्या दुपारी गावठाणात गेले,
क्रुसाजवळच्या घरात, तुस्कानो सिस्टरकडं.
छत्तीस वर्षं पालिकेच्या इस्पितळात,
त्यातली एकोणीस रात्रीची.
त्या बोंबील साफ करत होत्या. हात न थांबवता ऐकलं.
खवीस म्हणजे कोण, हे विचारलं नाही.
विचारलं, "खाटा किती?"
बारा.
"आणि बाई एकच?"
एकच.
"मग ती झोपते कधी?"

मी झोप लिहिलीच नव्हती.

"हे बघ, ओरडतो त्याला थोडं थांबवलं तरी चालतं.
ओरडायला जीव लागतो.
गप्प पडलाय ना, त्याच्याकडं आधी जायचं."
बोंबलाचं डोकं ताटाच्या कडेला सरकवलं.
"आणि वॉर्डाबाहेर एक बाकडं ठेव."
कशाला?
"बसायला."

परत येऊन सूत्र खोडलं.
प्रत्येक जीवाला एक नवा आकडा दिला:
शेवटचं बोलल्याला किती वेळ झाला.
मीठ तेरा टक्क्यांनी उतरलं. देवांगचा चेहराही.
तस्नीम खेळ तपासते, तिनं बाकड्यावर शेरा मारला:
याच्यानं कुठलाच आकडा हलत नाही. काढायचं?
मी लिहिलं, राहू दे.

शुक्रवारी रात्री खालचे पंखे थांबल्यावर
मी बेटावर साथ सोडली आणि वेळ आठपट केला.
बाराही खाटा भरल्या. पिंपळाखाली तेरावी.
तीन खवीस गळा काढून ओरडत होते,
पडद्यावर त्यांच्या डोक्यांवर लाल फुगे.
हडळ त्यांना ओलांडून कोपऱ्यात गेली,
जिथं एक लहानगा होता, फुग्याशिवाय.

वेळ पुन्हा एकपट केला. उगाच.
बघत बसले.

सहाव्या रात्री सगळे निजले
आणि ती बाहेर येऊन बाकड्यावर टेकली.
यात चमत्कार नाही. रिकामा जीव
जवळच्या आसनाकडं जातो, असा नियम आहे,
मीच कधीतरी लिहिलेला, सरायांसाठी.
पण तिचे पाय तसे.
तोंड समुद्राकडं होतं,
बोटं वॉर्डाच्या दाराकडं.

फोटो काढून सिस्टरना पाठवला.
सकाळी उत्तर आलं:
"चहा कुठाय हिचा?"